जैतापूरच्या बातम्यांतली ‘ईडीएफ’ ही कंपनी नेमकी आहे तरी काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेविषयीचा नवा कायदा मंजूर केला आणि राजापूर तालुक्यातील जैतापूर अणुवीज प्रकल्पाची चर्चा नव्याने सुरू झाली. या प्रकल्पाच्या जवळजवळ प्रत्येक बातमीत ‘फ्रान्सची ईडीएफ कंपनी’ एवढा उल्लेख असतो आणि बातमी पुढे सरकते. ही कंपनी सरकारी आहे की खासगी, ती वीज विकते की अणुभट्ट्या, ती नफ्यात आहे की कर्जात, आणि कोकणात ती कोणत्या नात्याने येऊ पाहते आहे, हे प्रश्न वाचकाच्या मनात तसेच राहतात. प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मत बनवण्यापूर्वी ही माहिती हाती असणे हा इथल्या माणसांचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते. कंपनीचा इतिहास आणि कारभार समजून घेताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा: काम लांबले किंवा खर्च वाढला, तर ते पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात?

सुरुवात: युद्धात खचलेला देश आणि एक सरकारी कंपनी

ईडीएफ म्हणजे ‘एलेक्त्रिसिते द फ्रान्स’, अर्थात फ्रान्सची वीज कंपनी. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्समध्ये वीज तयार करणाऱ्या आणि पुरवणाऱ्या हजाराहून अधिक लहानमोठ्या खासगी कंपन्या होत्या. ८ एप्रिल १९४६ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या सर्वांना एकत्र करून ही कंपनी उभी राहिली. हे राष्ट्रीयीकरण घडवून आणणारे औद्योगिक उत्पादन मंत्री मार्सेल पॉल हे कम्युनिस्ट कामगार नेते होते. पॅरिसमधील ग्राहक असो की दूरच्या डोंगरातील शेतकरी, घरगुती विजेचा दर देशभर सारखाच असावा, हे तत्त्व या कंपनीच्या जडणघडणीत रुजले आणि ते आजही टिकून आहे.

पहिली काही दशके कंपनीचा भर धरणांवर होता. त्याची किंमतही कोणीतरी मोजली. १९५२ मध्ये आल्प्स पर्वतातील तीन्य हे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि विरोध करणाऱ्या रहिवाशांना पोलिसांच्या बळावर हलवण्यात आले. राष्ट्रासाठी वीज आणि एका गावाचे उठणे हा संघर्ष कोयनेच्या काठाला जसा ठाऊक आहे, तसा तो फ्रान्सलाही ठाऊक आहे.

अणुऊर्जेकडे वळण का घेतले?

१९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. फ्रान्सकडे स्वतःचे तेल जवळजवळ नव्हते, कोळसाही पुरेसा नव्हता, आणि त्या काळात त्याच्या विजेचा मोठा हिस्सा तेलावरच तयार होत होता. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुभट्ट्यांचा प्रचंड कार्यक्रम जाहीर केला. संसदेत त्यावर सविस्तर चर्चा किंवा मतदान न होता तो अमलात आला, ही गोष्ट आज त्याचे कौतुक करताना विसरली जाते.

अणुभट्टी म्हणजे युरेनियमच्या अणूंचे नियंत्रित विभाजन करून उष्णता मिळवणारे यंत्र. त्या उष्णतेने वाफ तयार होते आणि वाफेवर जनित्र फिरते. ईडीएफने अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीचा आराखडा परवान्यावर घेतला आणि एकाच साच्याच्या भट्ट्या एकामागून एक बांधण्याचा धडाका लावला. आधी ९०० मेगावॅटच्या, मग १,३०० मेगावॅटच्या आणि अखेरीस १,४५० मेगावॅटच्या. १९७७ मध्ये फेसेनहाइम येथील पहिली भट्टी वीज जाळ्याला जोडली गेली आणि १९९९ मध्ये सिव्हो येथील शेवटची. या मालिकेतून ५८ भट्ट्यांचा ताफा उभा राहिला आणि फ्रान्सच्या विजेतील अणुऊर्जेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. जगातील कोणत्याही मोठ्या देशाने एवढ्या थोड्या काळात असे परिवर्तन घडवलेले नाही.

या यशाचे कारण नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढील अपयशाची किल्लीही तिथेच आहे. मालक एकच, आराखडा एकच, यंत्रे पुरवणारी फ्रामातोम ही कंपनी एकच, आणि एका ठिकाणचे काम संपले की तेच अभियंते, तेच वेल्डर आणि तेच कंत्राटदार पुढच्या ठिकाणी जात होते. शिवाय कर्जामागे सरकार उभे होते, त्यामुळे व्याज कमी पडत होते.

एक कंपनी की अनेक?

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपीय संघाने सदस्य देशांना विजेचा बाजार स्पर्धेसाठी खुला करायला लावले. वीज तयार करणाऱ्याच्याच हाती ताराही राहिल्या, तर तो प्रतिस्पर्ध्याला वाट देणार नाही, हा त्यामागील विचार होता. महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना परिचयाची आहे; २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. फ्रान्समध्ये अतिउच्च दाबाच्या वाहिन्या आरटीई या कंपनीकडे गेल्या आणि गावोगावचे वितरण आज एनेदिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे गेले. फरक असा की या दोन्ही कंपन्यांत ईडीएफची मालकी कायम राहिली. त्यांचा कारभार मात्र स्वतंत्र ठेवण्याचे आणि सर्व वीज विक्रेत्यांना समान वागणूक देण्याचे बंधन कायद्याने घातले. २००७ पासून फ्रान्समधील प्रत्येक घराला आपला वीज विक्रेता निवडता येतो.

याच काळात ईडीएफ स्वतःही बदलली. २००४ मध्ये तिचे रूपांतर भागभांडवली कंपनीत झाले आणि २००५ मध्ये तिचे समभाग पॅरिसच्या शेअर बाजारात आले. सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी किंमत ३२ युरो होती. बहुतेक हिस्सा मात्र सरकारकडेच राहिला.

परदेशांत विस्तार आणि माघार

देशातील मागणी स्थिरावली आणि तिथे स्पर्धकही आले, तेव्हा कंपनीने बाहेर पाहायला सुरुवात केली. १९९८ मध्ये तिने लंडन इलेक्ट्रिसिटी विकत घेतली, म्हणजे ब्रिटनच्या राजधानीतील घरांना वीज देणारी कंपनी फ्रेंच सरकारच्या मालकीची झाली. ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी, इटली अशा देशांतही तिने मोठे हिस्से घेतले. यांतील बरेच व्यवहार पुढे गुंडाळावे लागले. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधील वितरण कंपन्यांतून ती २००५-०६ च्या सुमारास बाहेर पडली, लंडन परिसरातील वितरणाचे जाळे २०१० मध्ये हाँगकाँगच्या उद्योगसमूहाला विकले आणि त्याच वर्षी जर्मनीतील एनबीडब्ल्यू कंपनीतील हिस्सा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याला विकण्याचा करार झाला. इटलीतील एडिसन ही कंपनी मात्र आजही तिच्याकडे आहे.

ब्रिटनमधील एक खरेदी टिकली आणि वाढली. २००९ मध्ये ईडीएफने सुमारे १,२५० कोटी पौंडांना ब्रिटिश एनर्जी ही कंपनी घेतली आणि तिथली अणुवीज केंद्रे तिच्याकडे आली. ब्रिटनमध्ये आज चालू असलेली सर्व अणुवीज केंद्रे ईडीएफच चालवते.

विजेचा भाव ठरतो कसा, आणि स्वस्त वीज बनवणाऱ्याला तोटा कसा होतो?

इथे एक पायरी नीट चढावी लागेल. एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेला पाणी तीन ठिकाणांहून मिळते असे समजू: पालिकेचा नळ सर्वांत स्वस्त, कूपनलिका थोडी महाग, टँकर सर्वांत महाग. संस्थेचा नियम असा आहे की त्या दिवशी गरज भागवण्यासाठी जो सर्वांत महाग स्रोत वापरावा लागला, त्याचाच भाव तिन्ही पुरवठादारांना द्यायचा. टँकरची एक फेरी लागली की नळाच्या पाण्यालाही टँकरचा भाव मिळतो. युरोपातील विजेचा घाऊक बाजार साधारण याच नियमाने चालतो. घाऊक बाजार म्हणजे वीज तयार करणारे आणि विक्रेते यांच्यातील व्यवहार. दर तासाला स्वस्त केंद्रे आधी घेतली जातात आणि शेवटी लागलेल्या केंद्राचा खर्च सर्वांचा भाव ठरवतो. हे शेवटचे केंद्र बऱ्याचदा नैसर्गिक वायूवर चालणारे असते.

या नियमाने अणुवीज बनवणाऱ्याला चांगला फायदा व्हायला हवा. मात्र फ्रेंच जनतेच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या भट्ट्यांचा लाभ एकट्या ईडीएफला का, असा आक्षेप स्पर्धकांनी घेतला. म्हणून २०१० च्या कायद्यानुसार, जुलै २०११ पासून, ईडीएफने दरवर्षी १०,००० कोटी युनिटांपर्यंत अणुवीज ठरावीक दराने स्पर्धकांना द्यावी, असे बंधन आले. २०१२ पासून हा दर प्रति मेगावॅट-तास ४२ युरो होता. मेगावॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरील १,००० युनिट. म्हणजे एका युनिटला ४.२ युरो सेंट. गंमत अशी नव्हे, तर अन्याय असा की बाजारभाव यापेक्षा खाली गेला तर स्पर्धक बाजारातून घेत आणि वर गेला तर ईडीएफच्या दारात येत. त्यांना निवड होती, ईडीएफला नव्हती. ही व्यवस्था २०२५ अखेरीस संपली.

२०२२ मध्ये या सर्व गोष्टी एकाच वेळी कंपनीवर कोसळल्या. युक्रेन युद्धामुळे वायू महागला. नेमक्या त्याच सुमारास, २०२१ च्या अखेरीस, सिव्हो येथे सुरक्षा यंत्रणेच्या नळ्यांमध्ये ताणामुळे पडलेल्या गंजभेगा आढळल्या. एकाच साच्याच्या भट्ट्या बांधल्या होत्या, त्यामुळे दोष एका ठिकाणी सापडला की इतर ठिकाणीही तपासणी अपरिहार्य झाली. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस देखभाल आणि तपासणी धरून ५६ पैकी ३२ भट्ट्या बंद होत्या. वर्षभरातील अणुवीज २७,९०० कोटी युनिटांवर घसरली, हा तीस वर्षांहून अधिक काळातील नीचांक होता, आणि नेहमी वीज निर्यात करणारा फ्रान्स त्या वर्षी आयातदार बनला. विजेची आगाऊ विक्री झाली होती, ती पुरवण्यासाठी कंपनीला चढ्या भावाने वीज विकत घ्यावी लागली. त्यातच घरगुती बिले आवाक्यात ठेवण्यासाठी सरकारने स्पर्धकांना आणखी २,००० कोटी युनिट प्रति मेगावॅट-तास ४६.२ युरोने द्यायला लावले. त्या विजेचा बाजारभाव २५० युरोंच्या वर होता.

त्या वर्षी कंपनीची उलाढाल वाढून १४,३५० कोटी युरो झाली आणि निव्वळ तोटा १,७९० कोटी युरो. निव्वळ कर्ज ६,४५० कोटी युरोंवर पोहोचले. विक्री वाढूनही बुडणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग ती दिवाळखोर आहे का?

नाही. सरकारने छोट्या भागधारकांचे समभाग प्रत्येकी १२ युरो देऊन परत घेतले आणि जून २०२३ मध्ये कंपनी पुन्हा पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. २००५ मध्ये ३२ युरो मोजलेल्या बचतदाराला हे फार लागले असणार. पुढे भट्ट्या दुरुस्त होऊन चालू झाल्या, २०२४ मध्ये अणुवीज ३६,००० कोटी युनिटांच्या वर गेली आणि त्या वर्षी कंपनीला १,१४० कोटी युरोंचा नफा झाला. कर्ज मात्र २०२४ च्या अखेरीसही ५,४०० कोटी युरोंच्या वरच होते.

मालक सरकार असले की सरकारची इच्छा हाच कारभार होतो, याचाही प्रत्यय येतो. कारखान्यांना वीज कोणत्या दराने द्यावी यावरून उद्योगांशी वाद चालू असताना, २०२५ मध्ये सरकारने कंपनीचे प्रमुख ल्युक रेमाँ यांना बदलून बर्नार फोंताना यांना आणले. कंपनीने नफा कमवावा, कर्ज फेडावे, नव्या भट्ट्या बांधाव्यात आणि वीजही स्वस्त द्यावी, या चारही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणे कोणत्याही व्यवस्थापनाला अवघड आहे.

अणुवीज स्वस्त की महाग?

दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि बहुतेक वादांमागे हाच गोंधळ असतो. ज्या भट्टीचे बांधकाम कर्ज फिटले आहे, तिची वीज स्वस्त पडते, कारण इंधनाचा खर्च तुलनेने थोडा असतो. नव्या भट्टीचा जवळजवळ सगळा खर्च वीज विकण्यापूर्वीच करावा लागतो. समजा १०,००० कोटी रुपये वार्षिक ८ टक्के चक्रवाढ व्याजाने पहिल्याच दिवशी उचलले. पाच वर्षांत काम पूर्ण झाले तर देणे सुमारे १४,७०० कोटी होते. पंधरा वर्षे लागली तर तेच देणे सुमारे ३१,७०० कोटी होते, आणि यात सिमेंटची एक गोणीही वाढलेली नाही. प्रत्यक्षात पैसे टप्प्याटप्प्याने उचलले जातात, म्हणून आकडा कमी भरतो, पण दिशा हीच.

फ्लामाँव्हिल येथील तिसऱ्या भट्टीचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे आहे. ही ईपीआर प्रकारची, म्हणजे सुमारे १,६५० मेगावॅटची नव्या पिढीची भट्टी आहे. जैतापूरला याच प्रकारच्या भट्ट्या प्रस्तावित आहेत. २००७ च्या अखेरीस काम सुरू झाले तेव्हा अंदाज ३३० कोटी युरो खर्चाचा आणि २०१२ मध्ये भट्टी सुरू होण्याचा होता. वीज जाळ्यात पोहोचली ती २१ डिसेंबर २०२४ रोजी, बारा वर्षे उशिराने. कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाने खर्च १,३२० कोटी युरो झाला, आणि व्याजासह सर्व धरून फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने २०२५ मध्ये तो सुमारे २,३७० कोटी युरो काढला.

असे का झाले? आराखडा पूर्ण होण्याआधी काम सुरू झाले. भट्टीचा गाभा ज्यात असतो त्या दाबपात्राच्या पोलादातील कार्बनचे प्रमाण आणि वाफवाहिन्यांचे वेल्डिंग यांत दोष निघाले, आणि ती दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली. सर्वांत मोठे कारण म्हणजे मधल्या काळात फ्रान्समध्ये नवी भट्टी सुरूच झाली नव्हती. जे वेल्डर आणि अभियंते एका कामावरून दुसऱ्या कामावर जात होते, ते निवृत्त झाले होते. २०१९ मध्ये सरकारला सादर झालेल्या फोल्झ अहवालानेही कौशल्याच्या या ऱ्हासावर बोट ठेवले. चीनमधील ताइशान येथे याच आराखड्याच्या दोन भट्ट्या २०१८ आणि २०१९ मध्ये सुरू झाल्या, त्याही उशिराच, पण फ्लामाँव्हिलपेक्षा खूप आधी.

ब्रिटनमधील हिंकली पॉइंट सी या प्रकल्पाची रचना वेगळी आहे. तिथे ईडीएफ स्वतः प्रमुख मालक आहे. ब्रिटिश सरकारने २०१६ च्या करारात ३५ वर्षांसाठी प्रति मेगावॅट-तास ९२.५० पौंड असा दर, २०१२ च्या किमतींनुसार आणि महागाईशी जोडून, हमीने दिला. पण बांधकामाचा वाढीव खर्च मालकानेच सोसायचा. २०१५ च्या किमतींनुसार १,८०० कोटी पौंडांचा अंदाज जानेवारी २०२४ पर्यंत ३,१०० ते ३,५०० कोटींवर गेला आणि हा बोजा प्रामुख्याने ईडीएफवर, म्हणजे अखेर फ्रेंच करदात्यावर आला. हा धडा कंपनीने घेतला आहे. ब्रिटनमधीलच साइझवेल सी या पुढच्या प्रकल्पात तिने आपला हिस्सा केवळ १२.५ टक्के ठेवला.

जैतापूरमध्ये ती मालक असेल का?

नसेल, आणि हा मुद्दा फार थोड्या चर्चांमध्ये स्पष्ट होतो. मूळ करार डिसेंबर २०१० मध्ये अरेव्हा या फ्रेंच कंपनीशी झाला होता. ती आर्थिक संकटात सापडली आणि तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफकडे आला, त्यामुळे २०१८ मध्ये पुढील वाटचालीचा करार ईडीएफशी झाला. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने सहा भट्ट्यांसाठी, म्हणजे सुमारे ९,९०० मेगावॅटसाठी, तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला. या प्रस्तावानुसार मालक आणि चालक भारत सरकारचे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन असेल; ईडीएफ आराखडा, अभियांत्रिकी आणि भट्टीची प्रमुख यंत्रे पुरवेल, तर बांधकाम आणि केंद्राची उभारणी भारतीय बाजूकडे राहील.

याचा अर्थ असा की हिंकलीत उशिराचा बोजा ज्या कंपनीवर पडला, ती इथे पुरवठादार असेल. अंतिम करारात उशिरासाठी दंडाची आणि ठरावीक किमतीची कलमे किती कडक असतील, यावर सगळे अवलंबून राहील. ती नसतील, तर वाढीव व्याज भारतीय सार्वजनिक कंपनीवर आणि तिच्यामार्फत ग्राहकावर किंवा करदात्यावर येईल.

हे एन्रॉनसारखे नाही का?

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे. दाभोळ येथे प्रकल्पाची मालकी एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या नेतृत्वाखालील खासगी संस्थेकडे होती, आणि राज्य वीज मंडळ वीज उचलो वा न उचलो, क्षमतेचे पैसे देण्यास बांधील होते. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. जैतापूरची मालकीरचना तशी नाही. पण दर कोण आणि कसा ठरवणार, ही चिंता समान आहे. अणुविजेचा दर आजवर राज्याच्या वीज नियामक आयोगापुढील जाहीर सुनावणीत ठरलेला नाही, तो केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडून ठरत आला आहे. त्यामुळे महावितरणच्या दरवाढीवर आक्षेप नोंदवता येतो तसा इथे नोंदवता येत नाही.

दुसरा प्रश्न अपघाताच्या भरपाईचा. २०१० च्या दायित्व कायद्यात, सदोष यंत्रामुळे अपघात झाल्यास चालकाला पुरवठादाराकडून वसुली करण्याचा हक्क होता. भोपाळच्या अनुभवातून आलेली ही तरतूद फ्रेंच आणि अमेरिकी पुरवठादारांना मान्य नव्हती, आणि बोलणी रखडण्याचे ते एक मोठे कारण होते. डिसेंबर २०२५ च्या कायद्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा हा दायित्व कायदा या दोन्हींची जागा घेतली आणि वसुलीचा हा हक्क प्रामुख्याने करारात तसे लिहिले असेल तरच, असा केला. म्हणजे जे संरक्षण कायद्यात होते ते आता कराराच्या मसुद्यात शोधावे लागेल.

समुद्राचे काय?

साखरी नाटे आणि परिसरातील मच्छीमारांचा आक्षेप मुख्यतः भट्ट्या थंड करून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या कोमट पाण्याविषयी आहे. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. या विषयाची चर्चा त्याचे भान ठेवूनच व्हायला हवी. कोमट पाण्याची काळजी अडाणीपणाची आहे असे म्हणणाऱ्यांनी फ्रान्सकडेच पाहावे. तिथे नदीकाठच्या केंद्रांना पाण्याच्या तापमानाची मर्यादा घालून दिलेली आहे आणि उन्हाळ्यात नद्या तापल्या की ईडीएफला उत्पादन कमी करावे लागते. २०२२ मध्ये वीजटंचाईमुळे काही केंद्रांना या मर्यादेतून तात्पुरती सूटही द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर किनाऱ्यावरील ग्रावलीन येथे जेलीफिशचे थवे पाणी खेचणाऱ्या गाळण्यांत अडकून चार भट्ट्या थांबल्या. समुद्र आणि भट्टी यांचे नाते दुहेरी आहे, हे तिथले अभियंतेही नाकारत नाहीत. प्रकल्पाच्या जागेवरील माडबनच्या किनाऱ्यावर तापमानाची मर्यादा किती, ती मोजणार कोण, आणि ते आकडे मच्छीमारांना रोज पाहायला मिळतील का, हे प्रश्न म्हणून पूर्णपणे रास्त आहेत.

२०२५ अखेरपर्यंत जैतापूरचा अंतिम करार झालेला नव्हता आणि विजेचा दरही ठरलेला नव्हता. प्रस्तावित जागेसाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली आहे. दरम्यान ईडीएफला फ्रान्समध्येच पेन्ली, ग्रावलीन आणि ब्युजे येथे मिळून सहा नव्या भट्ट्या बांधायच्या आहेत, आणि ब्रिटनमधील कामही अपुरे आहे. तेच अभियंते आणि तेच यंत्रनिर्मितीचे कारखाने या सर्वांना पुरवायचे असल्याने, कोकणच्या वाट्याला ते कोणत्या क्रमाने आणि केव्हा येतील, याचे लेखी उत्तर करारावर सही होण्याआधी मागितले पाहिजे.